काळ्या पडद्यापुढची टकटक

वाचनालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. टक! टक! टक! एक दयाळ पक्षी बाहेरून खिडकीच्या काचेवर चोच आपटत होता आणि आत माणसं हात जोडून बसली होती.

"तीन टकटक म्हणजे 'हो'!" भगव्या कफनीतले एक बाबा गरजले.

"आणि सहा वाजल्या तर?" मी विचारलं.

"तर 'हो, हो'!"

सगळे हसले, आत्या नाही. तिचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, याच खिडकीशी अभ्यास करायचा. गेल्या वर्षी तापाने गेला. बाबांनी सांगितलं, पक्ष्याच्या रूपात तोच आलाय, पण औषधाचा वास त्याला खपत नाही. झालं! आत्याने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत ती पार वाळली. दोनदा चक्कर येऊन पडली.

म्हटलं, बास! मी तडक इमारतीच्या मागे गेले. खिडकीशेजारी भिंतीच्या भोकात घरटं होतं. मादी एकटीच किडे आणून दमली होती. नर काचेशी भांडत होता. मी काचेत पाहिलं तर माझाच चेहरा, नाकावरच्या पुटकुळीसकट! "आत्म्याला सावली हवी" म्हणत बाबांनी आतून काळा पडदा लावला होता ना, त्याने काचेचा पक्का आरसा झाला होता. दयाळाला त्यात दुसरा नर दिसायचा. घरट्याजवळ परका नर तो कसा खपवून घेईल?

ग्रंथपालकाकांनी आणि मी काचेला बाहेरून जुने कागद चिकटवले.

"शाप लागेल!" बाबा ओरडले.

"लागू दे. परीक्षा तशीही तोंडावर आलीय."

दयाळ आला. इकडेतिकडे पाहिलं आणि उडून गेला. थोड्या वेळाने चोचीत अळी घेऊन थेट घरट्यात शिरला.

"आत्म्याला मुक्ती मिळाली!" बाबांनी लगेच हात वर केले.

"मग तुम्हीही निघा," काका म्हणाले.

गर्दी पांगली. मी घरट्यात डोकावलं, तर चारपैकी दोन पिल्लं उपाशी मेली होती.

"म्हणजे तो आलाच नव्हता?" आत्याने विचारलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "नाही गं, आत्या."

दादा गेला तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मग डोळे पुसून म्हणाली, "पाणी दे. गोळी घेते."

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पलीकडे जाऊन बघा. आणि ज्याला त्या खोट्याचाच आधार होता, त्याच्यापाशी नंतर बसा. मी शाळा सुटली की आत्याकडे जाते. संध्याकाळच्या गोळीला पाणी मीच देते.