खुशबूचं चित्र

"कोठी चालली जी जोडी?" बसथांब्यावर शेजारच्या सुशिलाबाईंनी विचारलं.

"नागऱ्याले. महादेवाले," मी म्हणालो. माझी बायको शामकला रस्त्याकडे बघत राहिली.

२०११ सालची गोष्ट. दोन महिने दर मंगळवारी मी हेच खोटं बोलत होतो. जात होतो गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरकडे. मी शालीकराम, ग्रामपंचायतीचा चपराशी. आजार लपवू नका, अशी दवंडी गावभर फिरून मीच देतो. घरचा आजार मात्र तोंडातून निघेना. लाज वाटायची, दुसरं काय!

शामकला शाळेत खिचडी रांधायची. एक दिवस तिच्या डोक्यात बसलं, की आपल्या हातून गंजात, खिचडीच्या मोठ्या पातेल्यात, फवारणीचं औषध पडलं. पडलं नव्हतं. पण विचार जाईना. धुतलेला गंज ती दहादा धुवायची, जेवलेली पोरं धड आहेत ना, हे घरोघर जाऊन बघायची. शेवटी तिनं काम सोडलं. मग घरातही तेच सुरू झालं.

पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या अल्का मॅडमनी माझ्यासमोर तिला रंगखडू दिले. "विचार आला की गंज धुवायला धावू नका. तो कागदावर काढा आणि भीती ओसरेपर्यंत बघत बसा." मला मनातल्या मनात हसू आलं. पन्नाशीची बाई आणि खडू! पण शामकला काढत गेली. चूल, गंज, ताटं घेऊन बसलेली पोरं, काळी बाटली. एका सकाळी तिनं गंज एकदाच धुतला आणि मला वरणभात वाढला. मी दोनदा भात मागून घेतला.

त्याच दुपारी सुशिलाबाई विरजण मागायला आल्या. चित्र खाटेवर पडलं होतं.

"हे कोनं काढलं जी?"

"खुशबूनं," मी पटकन म्हणालो. खुशबू आमची नात, नागपूरला असते.

"लेकरानं बाटली काऊन काढली वो माय!" त्या हसल्या.

शामकला दारातच उभी होती. तिनं खडू डबीत भरले आणि ती आत गेली. थोड्या वेळानं गंज घासल्याचा आवाज सुरू झाला. तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

मंगळवारी मी म्हणालो, "चाल, बस येऊन राहिली."

"कायले? चित्र तं खुशबूनं काढलं ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चित्र उचललं आणि तडक सुशिलाबाईंच्या अंगणात गेलो. त्या चार बायांसोबत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"हे शामकलेनं काढलं," मी म्हणालो. "आमी डोक्याच्या डॉक्टरकडं जातो. नागऱ्याले एकदाबी नाही गेलो. मी खोटं बोललो."

बायांचे हात थांबले. "मंग यात काय काढलं हाये जी?" सुशिलाबाईंनी विचारलं.

चूल, गंज, बाटली तर कोणालाही दिसत होती; त्यापुढं मला सांगता येईना. पहिला दिवस सोडला तर दोन महिने मी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. त्या चित्रांबद्दल ती आत काय बोलते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मागून शामकला आली. तिनं माझ्या हातातला कागद घेतला आणि बायांमध्ये जाऊन बसली. "हा शाळेतला गंज," ती बोट ठेवून सांगू लागली, "आन हे माहं भेव." बाया सरकून तिच्याजवळ आल्या.

मी तसाच उभा राहिलो. मला कोणी बस म्हटलं नाही.