याबाई

कारखान्यात दुभाषी म्हणून लागले, तेव्हा जपानीच्या तीन परीक्षा पास झाल्याची मला चांगलीच घमेंड होती. शब्द ऐकला की अर्थ तोंडावर तयार.

तिथे एक वयस्कर फिटर होते. सगळे त्यांना काकाच म्हणत. नळीला भोक पाडताना ती हाताने धरावी लागे, बोटं सांभाळत. काकांनी दोन महिने जेवणाच्या सुट्टीत घासूनपुसून एक पकड तयार केली. खटका दाबला की नळी घट्ट बसायची. नवी मशीन बसवायला जपानहून एक तरुण तंत्रज्ञ आला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ती त्याला दाखवायला लावली.

त्याने नळी सरकवली, खटका दाबला, डोळे मोठे केले आणि म्हणाला, "याबाई!" मग हसला.

मागे कामगारांत खसखस पिकली. एकजण म्हणाला, "ताई, तुम्हालाच बोलावतोय. या बाई म्हणतोय." काकाही हसले.

मी मात्र गंभीर. माझ्या पुस्तकात या शब्दापुढे दोनच अर्थ होते: धोकादायक, वाईट. आणि तो हसला त्याचं काय? जपानी माणूस अवघडला की हसतो, असं आमच्या शिक्षिका सांगायच्या. साहेबांनी विचारल्यावर मी सांगून टाकलं, "हे धोक्याचं आहे म्हणतात."

काकांचा चेहरा उतरला. साहेबांनी त्याच दुपारी पकड भंगारात टाकायला लावली आणि न विचारता असले उद्योग करायचे नाहीत, अशी सगळ्यांसमोर ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने पकड कुठे गेली म्हणून विचारलं. टाकून दिली म्हटल्यावर "मोत्ताईनाई" एवढंच म्हणाला आणि रिकाम्या टेबलाकडे बघत राहिला. चांगली वस्तू वाया गेली की हा शब्द येतो, हे मला ठाऊक होतं. धोक्याची वस्तू गेली, तर हळहळ कशाची? त्याला एक प्रश्न विचारायचा होता फक्त. पण चूक निघाली असती, तर ती साहेबांना सांगावी लागली असती. "लोखंड वाया गेलं म्हणतात," असं साहेबांना सांगून मी मोकळी झाले.

काकांनी पुन्हा नवं काही केलं नाही. सांगितलं तेवढं करायचे. दीड वर्षाने मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसले.

पुढे चार वर्षांनी जपानहून एक शिकाऊ मुलगी आली. जिन्याखाली मांजराची पिल्लं दिसली, तशी ती गुडघ्यांवर बसून "याबाई, याबाई" करायला लागली. यात धोका काय, मी विचारलं. ती म्हणाली, तरुण मुलं खूप आवडलेल्या गोष्टीलाही तसंच म्हणतात. मला वाटलं, आपणही मराठीत भयंकर आवडलं म्हणतोच की. तेव्हा कोणी घाबरतं का?

त्याच रविवारी मी काकांच्या घरी गेले. ते दारात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं, मोत्ताईनाईसुद्धा.

"म्हणजे तो खरंच हसला होता," काका म्हणाले. "मला तेव्हा वाटलं होतं तसं. पण भाषा तुला येत होती, मला कुठे?"

साहेबांना खरं सांगते, म्हटलं. काका मान हलवून नको म्हणाले. मी तरी दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं. साहेबांना कसली पकड ते आठवेना.

त्या रविवारी आमचं बोलणं चालू असतानाच काकू चहा घेऊन आल्या आणि कशी काय आलीस म्हणून त्यांनी विचारलं. मी कप हातात घेतला. काकाच म्हणाले, "तो जपानी आला होता ना, त्याला माझं काम फार आवडलं होतं. तेच सांगायला आली."

काकूंचा चेहरा खुलला. "अगं, मग तेव्हाच नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या.

काका कपात फुंकर घालत राहिले.