हेडविगच्या भांड्याशेजारी

"हे काय गं, सशांसाठी आणलंस?"

हेडविगने काट्याच्या टोकावर शेपूची काडी उचलून बाकावरच्या सगळ्या बायकांना दाखवली. बायका हसल्या. गावच्या अग्निशमन दलाचा उन्हाळी मेळावा होता. लिंडनच्या झाडाखाली लांब टेबलं मांडली होती, पुरुष बिअर पीत शेगडीवर सॉसेज भाजत होते. या मेळाव्यात बटाट्याचं सॅलड एकच असे, आणि ते हेडविगचं. दक्षिण जर्मनीत, श्वाबेनमधल्या त्या गावात तिच्या भांड्याशेजारी दुसरं भांडं ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. यंदा ते तिच्या मुलीनेच ठेवलं होतं.

"चाखून तर बघ," गुडरून म्हणाली. "तुझ्यासारखंच हाडांच्या सुपात मुरवलंय. वरून थोडा लाल मुळा, शेपू आणि आंबट सफरचंद. बस्स."

"बस्स म्हणे! ओटिली, ऐकलंस? तिकडे उत्तरेत हांबुर्गला राहून बाई बटाट्यात सफरचंद घालायला शिकल्या."

"तिकडच्यासारखं मेयोनीज नाही घातलं हे नशीब समज," शेजारीण ओटिली म्हणाली. "नाहीतर दलवाल्यांना बंब बाहेर काढावा लागला असता."

गुडरूनही हसली. पन्नाशी उलटली होती तिची, तरी आईने एक घास खाऊन नुसती मान डोलवावी, एवढ्यासाठी ती आदल्या दिवशी दिवसभर गाडी चालवत आली होती. बोटांना चटके बसत असताना बटाटे गरम गरमच सोलले होते. तेल सगळ्यात शेवटी घातलं होतं. आधी घातलं की बटाटा सूप पीत नाही, हे ती लहानपणी आईचे फटके खाऊनच शिकली होती.

हेडविगने घास घेतला. सावकाश चावला. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिने आणखी एक घास घेतला, काटा खाली ठेवला.

"कोरडं आहे."

सॅलड ठेवून ठेवून आळतं म्हणून ती नेहमी थर्मासमध्ये गरम सूप सोबत आणी. तो थर्मास तिने उघडला आणि गुडरूनच्या भांड्यात उलटा केला, पार रिकामा होईपर्यंत. शेपू कोमेजून तळाशी गेला. सफरचंदाचे काप वर तरंगू लागले.

"हं. आता गिळता येईल."

ओटिलीने नजर सॉसेजकडे वळवली. बाकीच्यांनीही. गुडरूनने गाडीची किल्ली घेतली.

"जेवून तरी जा!" हेडविग मागून ओरडली.

"वाटेत खाईन."

"खा, खा. वाटेत तुझ्या तोडीचं मिळेल!"

दोघींमधलं हे शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. आई भाजीच्या वाफ्यात पडलेली सापडली होती. हातात पाण्याचा पाइप तसाच सुरू होता.

दफनाच्या दिवशी सकाळी आईच्या स्वयंपाकघरात बटाटे उकळत होते. वहिनी, बिर्गिट, बशा मोजून बाहेर नेत होती.

"हे बघ, आज शहाणपणा नको," ती म्हणाली. "सगळं गाव जेवायला येणार. सासूबाईंच्या पद्धतीनंच कर."

"मग तूच कर ना."

"मी? सुनेनं केलं तर चव बिघडली म्हणतील. लेकीनं केलं तर निदान रडत तरी खातील. ओटिली सकाळपासून तयारच आहे नावं ठेवायला."

बिर्गिट बशा घेऊन अंगणात गेली. गुडरूनने बटाटे सोलले, पातळ चकत्या केल्या, कांदा, व्हिनेगर, मोहरीची चटणी, उकळतं सूप. शेपूची जुडी तिने आणलीच नव्हती. झाकण ठेवून थांबली, मग तेल घालून ढवळलं. चमच्याखाली ओला, चिकट आवाज येऊ लागला, तेव्हा तिने एक घास तोंडात टाकला.

हुबेहूब आईचं झालं होतं.

तिने चमचा ओट्यावर आपटला. उघड्या खिडकीबाहेर बिर्गिट दचकून थांबली.

"चांगलं झालं होतं ते माझं," गुडरून मोठ्याने म्हणाली, रिकाम्या स्वयंपाकघराला. "तुला कळलं होतं. दोन घास खाल्लेस, आणि मग ओतलंस. मला तुझा राग येतो, आई. लहान होते तेव्हापासून येतो."