गाठीला उपाशी मारताना

सकाळी सगळे टेबलाशी बसले, पाव-अंडी फस्त होऊ लागली आणि सासूबाईंनी मास्तरणीपुढे कडू पाल्याच्या रसाचा पेला ठेवला. गाडी चालवायला शिकवण्यात तिची अर्धी हयात गेलेली. गल्लीत तिला सगळे मास्तरीणच म्हणत. पण तिच्याच फुप्फुसातल्या कॅन्सरच्या गाठीबद्दल तिला घरात कुणी धड सांगत नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलायचे ते नवरा आणि मोठे दीर. "बाईमाणसाच्या जिवाला घोर कशाला?" म्हणत तिला बाहेर बसवायचे. शेजारीपाजारी कुणी विचारलं तर दमा आहे, एवढंच उत्तर.

रोजच्या गोळीने गाठ आकसत होती. तेवढ्यात दिरांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं, की गाठ साखरेवर जगते. झालं! तिच्या ताटातून गोड गेलं, मग पाव, मग फळं, शेवटी सकाळची न्याहारीच.

"शत्रूची रसद तोडायची," दीर ठासून सांगत.

रसद तुटली ती तिची. कपडे अंगावर लोंबू लागले. क्लच दाबताना पाय लटपटायला लागला, तेव्हा शिकवणंही सुटलं.

त्या दिवशी तपासणी होती. वजनाचा काटा पाहून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. दीर लगबगीने तिला म्हणाले, "तू जरा बाहेर बस."

"नाही बसणार," मास्तरीण म्हणाली. "गाठ माझी आहे. बाई, काय असेल ते मला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "गाठीच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, हे खरं. पण तुम्ही जेवला नाहीत, तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं. गाठ आपला वाटा उचलतेच, झिजता तुम्ही. साखर ओढा, वाढत राहा, असा गाठीच्या पेशींना जो हुकूम सुटतो, तो ही गोळी दाबून धरते. तिला तिचं काम करू द्या. वजन असंच उतरत गेलं, तर गोळी सोसणार नाही. थांबवावी लागेल."

नवऱ्याची मान खाली गेली. दीर पुटपुटले, "आम्ही तिच्या भल्यासाठीच..."

"भलं करायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं, भाऊजी!"

घरी येताच तिने रसाचं भांडं मोरीत ओतलं आणि तव्यावर दोन अंडी फोडली. दीर कडाडले, "उद्या काही बरंवाईट झालं, तर आम्हाला बोल लावायचा नाही!"

"मेले तर आजाराने मरेन. भुकेने नाही."

सासूबाईंनी पाव कापायला घेतला. "माझ्या आईलाही कुणी काही सांगितलं नव्हतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटपर्यंत विचारत होती, मला झालंय तरी काय?"

मास्तरीण जेवायला बसली. किती तरी दिवसांनी पोटभर.

नवऱ्याने चाचरत विचारलं, "पुढच्या तपासणीला मी येऊ?"

"या की. पण बोलणार मी." तिने ताट पुसून घास घेतला. "आणि दम्याची थाप आता पुरे झाली. गल्लीत कुणी विचारलं तर सरळ सांगा, हिला कॅन्सर आहे, आणि ही जेवतेय!"