काजलचा कान

अमरावतीहून आलेल्या रुपाली मॅडमनी टेबलावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा ठेवला, तेव्हाच मला हसू आलं. मुलं गणितात मागं का पडतात आणि दहावीनंतर कोणती शाखा का निवडतात, यावर बाईंना पीएचडी करायची होती. त्यासाठी चाळीस प्रश्न! घरी अभ्यासाला टेबल आहे का, आईचं शिक्षण किती, गणिताची भीती वाटते का. धाडच्या शाळेत मी चोवीस वर्षं गणित शिकवतोय. मला विचारलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत सांगितलं असतं की यांच्या डोक्यात भुसा भरलाय.

"इंद्रभान सर, तुमच्या मते मुख्य कारण काय?" त्यांनी विचारलं खरं.

"डोकं नाही," मी म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. काहीही सांगा, ही मंडळी लिहून घेतात.

मी मुलांना हात लावत नाही. एक तर कायदा आहे, आणि हात खराब करून घ्यायची मला हौसही नाही. माझी पद्धत साधी. फळ्यावर गणित घालायचं. ज्याला उत्तर आलं त्यानं उठायचं आणि ज्यांना आलं नाही त्यांचे कान ओढत वर्गभर फिरायचं. माझ्या गुरुजींचीही हीच पद्धत होती. त्यांच्या वर्गात निम्म्या पोरांचे कान मी ओढलेत. आज मी कुठं आहे आणि ते कुठं आहेत ते बघा म्हणजे झालं.

चोवीस वर्षांत एकच डोकं हाती लागलं. पायल. शेषरावची पोरगी. शेषराव म्हणजे धाड ते बुलढाणा जीप चालवणारा, सीटा मोजण्यापलीकडं ज्याला आकडा कळत नाही असा माणूस. आठवी-नववीत मी गणित लिहून खडू खाली ठेवेपर्यंत पायलचं उत्तर तयार असायचं. मग ती उठायची आणि कान ओढायला लागायची. सुरुवात शेजारच्या काजलपासून. काजल म्हणजे निव्वळ दगड. दोघी एकाच गल्लीतल्या, एका डब्यात जेवणाऱ्या. "नीट ओढ, लाल झाला पाहिजे," मी म्हणायचो. वर्ग हसायचा. काजलही हसायची, आणि हसते म्हणजे हिला काही वाटत नाही, असं मी समजत होतो.

पायल बुलढाण्याला सायन्सला जाणार, गणित घेणार, इंजिनियर होणार, हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. चोवीस वर्षं या दगडांपुढं घसा कोरडा केला, त्याचं तेवढंच सार्थक होणार होतं.

आणि दहावीत पोरगी घसरली. घटक चाचणीत वीसपैकी वीस घेणारी आठवर आली. सहामाहीत काठावर पास. वर्गात तर हातच वर होईना. खापर फोडायला मी माणूस शोधला, आणि तो बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावर गाठोडी बांधताना सापडला.

"काऊन शेषराव, पोरीले मोबाईल घेऊन देला का? का आतापासूनच पाहुणे पाहून राह्यले?"

"नाही हो सर." तो घाईघाईनं खाली उतरला. "थे म्हनते, मले आर्टसले जायाचं. मी काय सांगू? मले त्यातलं समजत नाही."

"तुले समजत नाही हे साऱ्या तालुक्याले माहीत आहे."

जीपमधले प्रवासी हसले. शेषरावही मान खाली घालून हसला. असल्या माणसाच्या घरी ते डोकं कुठून आलं, असं मनात म्हणत मी घरी आलो.

तर त्या प्रश्नावल्या. दहावीच्या वर्गानं तासभर पेनं चावत त्या भरल्या. नावं लिहायची नव्हती. मधल्या सुट्टीत रुपाली मॅडम त्या चाळत बसल्या होत्या. त्यांनी एक माझ्यापुढं सरकवली.

"सर, हे मला कळत नाहीये. गणितात गुण कमी पडण्याचं कारण विचारलंय. शिकवलेलं समजत नाही, घरी वेळ मिळत नाही, भीती वाटते, इतर, असे चार पर्याय आहेत. इथं 'इतर'वर खूण करून हे लिहिलंय. मी हे कोणत्या गटात घालू?"

मी वाचलं. 'उत्तर आलं की काजलचा कान ओढावा लागतो.'

अक्षर ओळखायला मला नावाची गरज नव्हती. कानशिलं तापली.

"फालतूपणा आहे," मी म्हणालो. "पोरं चेष्टा करतात. काढून टाका तो कागद."

त्यांनी कोपऱ्यात 'अवैध' लिहिलं आणि कागद बाजूला काढला. एवढी शिकलेली बाई, माझ्या एका शब्दावर! मला त्यांची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त किळस आली.

पुढच्या तासाला मी फळ्यावर मुद्दाम अवघड वर्गसमीकरण घातलं. सगळ्या माना खाली. मी पायलपाशी गेलो आणि तिची वही उलटी केली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात उत्तर होतं. त्याआधीच्या पानावर कालचं. त्याच्या आधी परवाचं. जूनपासूनची सगळी गणितं तिथं होती आणि सगळी बरोबर होती.

"काऊन लपवलं?"

ती उभी राहिली. "मले गणित येते सर. कान ओढनं नाही होत आता."

खोटं कशाला सांगू, मला रागच आला. माझ्या वर्गात असं कोणी बोललं नव्हतं. पण हातातल्या वहीत एकही गणित चुकलेलं नव्हतं.

"आजपासून कान ओढणं बंद," मी शेवटी म्हणालो. "उत्तर सांग."

"काजललेबी येते. तिले विचारा."

काजल उठली. काही बोलायच्या आधी तिनं सवयीनं मान वाकडी केली आणि कान पायलच्या बाजूला धरला. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं उत्तर सांगितलं. बरोबर होतं. त्या दिवशी वर्गात कोणी हसलं नाही.

दहावीचा निकाल लागला. पायलला गणितात सत्त्याण्णव, काजलला एकाहत्तर. बोर्डाच्या पेपरात कोणाचा कान ओढावा लागत नाही. मी पेढ्यांचा पुडा घेऊन बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत गेलो. दोघी अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरत होत्या.

"सायन्स टाक," मी म्हणालो. "गणित घे. बुलढाण्याले मी सोता बोलतो. आता तर कान ओढणं मी बंद केलं ना?"

"तुम्ही केलं सर," पायल म्हणाली. "पन तिथं गणित शिकवनारेबी तुमच्यावानीच असतीन ना?"

टोमणा नव्हता तो. ती खरोखरच विचारत होती. माउसवरचा हात थांबवून माझ्याकडं बघत होती. मी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर तिनं सायन्स टाकलं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी ओळखीचे सगळे गणितवाले आठवून पाहिले. माझे गुरुजी. स्टाफरूममधले दोघं. बुलढाण्याचे ते सर, ज्यांच्याशेजारी बसून पेपर तपासताना पोरांची चुकलेली उत्तरं आम्ही एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. नाही म्हणायला एक नाव पुरलं असतं. ते सापडेना.

पायलनं थोडा वेळ वाट पाहिली. मग स्क्रीनकडं वळली आणि आर्ट्सवर क्लिक केलं.