पूजेसाठी काढलेली जाळी

“पदर खोच, केस बांध, आन् चाकावर जाळी नसन तं त्याच्याकडं पाठ करून सीधी घरी जाय. मालक बोलवाले आला तरी जाय.”

गिरजा झाडू घेऊन पहिल्यांदा राईस मिलमध्ये आली, त्या दिवशी जुना फिटर इस्तारीभाऊ तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालात दाबून तिला हे म्हणाला होता. पुढे म्हातारपणानं त्याचे डोळे गेले आणि तो चिमूरकडे लेकीकडे राहायला गेला. त्याच्या जागी शेठनं दुसरा फिटर ठेवलाच नाही. पाना-पेचकस मुकादम खुशालच्या हाती आला. पट्टा तोच चढवी, तेल तोच घाली, बायांवर खेकसणंही त्याच्याकडेच.

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात दामिनीच्या खाटेशी बसलेल्या गिरजाच्या कानात इस्तारीभाऊचं बोलणं सारखं वाजत होतं. दामिनी तिच्या शेजारची, वयानं लहान, मिलमध्ये तिच्याच जोडीला झाडणारी. तिचा उजवा हात मनगटाशी संपत होता. पुढे नुसती पांढरी पट्टी.

गिरजा मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. कार्तिकात पहाटे अंघोळ, तुळशीपाशी दिवा, सोमवारी एकभुक्त, महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेत बुडी. यात कधी खंड नाही. मिलमधल्या बायांत भांडण लागलं की तिला मध्ये बसवत. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. पण त्या दिवशी ती खाटेच्या लोखंडी कडेला इतकी घट्ट धरून बसली होती की बोटं पांढरी पडली.

कारण तिला सगळं ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा होते. मोठ्या चाकावर लोखंडी जाळी असते. चाक आणि पट्टा फिरताना कुणाचा हात, पदर, वेणी आत जाऊ नये म्हणून. पण जाळीतून कुंकू कसं लावणार? म्हणून दरवर्षी पूजेला जाळी निघे. चाकाला हळद-कुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं, नारळ. दुसऱ्या दिवशी इस्तारीभाऊ पहिलं काम जाळी बसवायचं करी, मगच बटणाला हात लावू देई. या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, नवं धान यायला लागलं. पट्टा जुना, दिवसातून कितीदा तरी घसरायचा. जाळी नसली की चढवायला सोपा. खुशालनं ती मागच्या पडवीत टाकून दिली. पावसात भिजलेला बारदाना तिच्यावर वाळू लागला.

बोललं कुणी? दामिनीच बोलली. चाकाखाली सांडलेला कोंडा झाडता झाडता ती म्हणाली होती, “खुशालभाऊ, जाळी लावा ना गा. एखाद्या दिवशी कोणाचा तरी हात जाईन.”

आणि बाया तिच्यावर तुटून पडल्या होत्या. पूजा झालेल्या चाकासमोर असं बोलतात? “शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली,” म्हणत सोनीबाई हसली होती. मग सगळ्या हसल्या. खुशालनं तर दामिनीला चाकाची माफी मागायला लावली. तिनं झाडू खाली ठेवून हात जोडले. त्यातलाच उजवा हात पुढे पट्ट्यात गेला.

त्या वेळी गिरजाही तिथेच उभी होती.

“ताई,” दामिनी म्हणाली. औषधानं तिची जीभ जड झाली होती. “शेठचा निरोप आला. खुशबूले माह्या जागेवर बोलावलं.”

खुशबू म्हणजे दामिनीची नणंद. लांब वेणी, सारखी हसणारी.

“कोण म्हणते?”

“खुशाल घरी येऊन गेला. म्हणते, एकीचा हात गेला तं दुसरी आहे ना घरात, चूल बंद नाई पडत. असं म्हणाला, ताई. माह्या सासूच्या तोंडावर.” तिनं डावा हात पुढे केला. “तिले त्या चाकाखाली बसू देऊ नको. मले बोल दे.”

गिरजानं तो हात दोन्ही हातांत घेतला. शब्द द्यायची तिला सवय नव्हती. जो शब्द द्यायचा तो देवाला, आणि दिला की मोडायचा नाही. “नाई बसू देत,” ती म्हणाली. “जाळी लागल्याबिगर खुशबू नाई, दुसरी कोणीच नाई.”

मिल बंद पडली होती. बाया कामाला जायला तयार नव्हत्या. जाळीपायी मात्र नाही. चाकाला रक्त लागलं, चाक कोपलं, असं त्या म्हणत. त्याच धास्तीनं हमालही फिरकले नाहीत. आवारात धानाच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि प्रफुलशेठ कासावीस झाला.

गिरजा दवाखान्यातून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ स्वतः तिच्या अंगणात आला. मागे खुशाल. त्याच्या हातात ताट होतं. नारळ, कुंकू, लिंबू, कोरं लुगडं.

“गिरजाबाई, राम राम,” शेठ म्हणाला. खाट पुढे केली तरी बसला नाही. “दामिनीचं लई वाईट झालं बाप्पा. पण देवाची कृपा, जीव वाचला.”

गिरजानं ताटातल्या लिंबाकडे पाहिलं.

“आता असं करा. तुमचा हात शुद्ध. साऱ्या बाया तुम्हाले मानतात. उद्या सकाळी येऊन चाकाची दृष्ट काढा, नारळ फोडा, अन् बायांना सांगा, आता काई भेव नाई. तुमी सांगतलं की साऱ्या येतात.”

“जाळी?” गिरजा म्हणाली.

“काय?”

“जाळी बसवली का?”

खुशाल हसला. “वो बाई, पट्टा चढवाले दर वेळी जाळी काढाची, जाळी लावाची, तं धान कधी कुटाचं? दामिनीनं पाहून काम करायचं होतं. सारं ध्यान मोबाईलमंधी.”

“तिच्याजवळ मोबाईल नाई, खुशालभाऊ,” गिरजा म्हणाली. “एकच मोबाईल आहे घरात, अन् तो नवऱ्यापाशी.”

“तं मंग गप्पात असन.”

गिरजानं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिनं राग दाबला नाही. आवाज मात्र तिनं खालीच ठेवला. हळूच बोललं की लोकांना जवळ येऊन ऐकावं लागतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. शेठ दोन पावलं पुढे आला.

“शेठ, तुमच्या घरी देवघर आहे?”

“आहे ना. सागवानी आहे.”

“त्याले दरवाजा आहे?”

“आहे. उंदीर येतात म्हणून जाळीचा दरवाजा लावला.”

“देव आतमंधी बसते. रुसत नाई तुमच्यावर?”

शेठचा चेहरा उतरला. खुशालनं ताट या हातातून त्या हातात घेतलं.

“देव जाळीच्या आड बसते, शेठ. तुमचं चाक काऊन नाई बसत?” गिरजा बोलत राहिली. “उंदराचं तुम्हाले भेव वाटलं. दामिनीच्या हाताचं नाई वाटलं? तिनं सांगतलं तं तिलेच हात जोडाले लावले. अन् आता मले म्हणता, नारळ फोड. माह्या नेमाची जाळी करून लावता का त्या चाकाले? मी एवढे उपास काढले ते काय बायांना मशीनमंधी ढकलाले?”

“असं वंगाळ बोलू नका. देवाधर्माची बाई तुमी.”

“म्हणूनच बोलून राह्यली.”

आजूबाजूच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. सोनीबाई कुंपणाशी होती. गिरजाचा हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, तरी सगळ्यांपर्यंत पोचत होता.

“जाळी बसवा. बसवून दाखवा. मंग मी स्वतः येऊन कुंकू लावते. जाळीले लावते. त्याच्या अगोदर नाई.”

शेठचं गोड बोलणं सरलं. “तुमच्या एकटीनं मिल थांबत नाई, गिरजाबाई. मी दुसऱ्या गावच्या बाया आणतो. अन् उद्या पहिली खुशबू बसन. तिच्या घरात खाणारी तोंडं आहेत, दवाखाना आहे. ती येईन.” तो वळला. जाता जाता खुशालनं ताट अंगणात ठेवलं, जणू विसरला.

गिरजानं ते उचललं, रस्त्यात आडवी जाऊन खुशालच्या हातात परत दिलं. नारळ, लिंबू, लुगडं, सगळं. “हे घेऊन जा,” ती म्हणाली. “देवाले कमी पडत नाई.”

ते गेले. कुंपणापलीकडून सोनीबाई म्हणाली, “गिरजा, लई बोलली वो तू.”

“तुमी सगळ्या काई नाई बोलल्या म्हणून,” गिरजा म्हणाली. “मीबी नव्हती बोलली. दामिनी बोलली तेव्हा तुमी हासल्या, अन् मी पाहत राह्यली. चाक कोपलं म्हणता? चाक लोखंडाचं आहे. लोखंड कोपत नाई. आपण भेलो, त्याले चाकाचं नाव देऊन राह्यलो.”

सोनीबाईनं पदर तोंडाशी नेला. आत गेली नाही, तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी गिरजानं तुळशीपाशी दिवा लावला. जप सुरू केला तर मणी बोटांत अडकू लागला. राग धरून नाव घेऊ नये, असं तिची आई म्हणे. गिरजानं माळ खाली ठेवली नाही. राग तसाच राहू दिला आणि नाव घेत राहिली. हा राग देवापासून लपवण्यासारखा नाही, असं तिला वाटलं.

पहाटे अंघोळ झाली. दिवा लागला. घरात भाकरी करून झाकून ठेवली, चुलीतलं लाकूड बाहेर ओढून विझवलं. बाहेर धुकं होतं आणि मिलच्या बाजूनं कुठलाच आवाज येत नव्हता. भोंगा व्हायला वेळ होता.

कुंपणाशी कुणीतरी उभं होतं. सोनीबाई. चप्पल घालून, लुगडं खोचून.

“कुठी जाऊन राह्यली?” तिनं विचारलं.

“खुशबूकडं, तिले अडवाले. तिथून पुढं मिलच्या गेटापाशी.”

“एकटी?”

“जाऊन पाहते कोणाकोणाची दारं उघडतात तं.”

सोनीबाई बाजूला झाली आणि तिच्या मागे निघाली. गिरजानं मागे वळून पाहिलं नाही. अंगणाचं फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि खुशबूच्या घराकडे चालू लागली.