तिनं सांगितलं तसं

“‘ओढलं’ नको. ‘हात धरला’ असं घ्या,” चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणाले.

टायपिस्टबाईंनी मान वर केली. समोरच्या खुर्चीतल्या मुलीनंही केली. ती आत्ताच, सगळ्यांदेखत, “त्यानं मला ओढलं” असं म्हणाली होती. हळू म्हणाली होती, पण खोली लहान होती आणि पंखा बंद होता. ऐकू जाऊ नये इतकं बहिरं तिथं कुणी नव्हतं.

“सर, पण मी ‘ओढलं’ म्हणाले.”

“हो, हो. अर्थ तोच. पण कागदावर भाषा जरा संयमाची असावी लागते. तुमच्याच हिताचं आहे ते.” अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “घ्या बाई. ‘हात धरला.’ पुढं, ‘त्यानंतर उभयतांमध्ये शारीरिक जवळीक निर्माण झाली.’”

उभयतांमध्ये! बाईंची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली.

“झालं का?”

“होतंय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते टाइप केलं.

विद्यापीठात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. टाइपरायटर जाऊन संगणक आले, पण टायपिस्टबाई हे नाव काही त्यांना सोडून गेलं नाही. गेली नऊ वर्षं त्या विद्यार्थी साहाय्य कक्षात होत्या. कक्ष म्हणजे व्यायामशाळेच्या मागची खोली. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत, अजूनही कोपऱ्यात व्हॉलीबॉलची जाळी गुंडाळून पडलेली. बाहेर मात्र मोठा फलक होता. हसऱ्या मुलीचं चित्र, खाली ‘तू एकटी नाहीस’ आणि मदतीसाठी एक नंबर.

तिसऱ्या वर्षाच्या या मुलीनं शनिवारी सकाळी तो नंबर फिरवला होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ संशोधक विद्यार्थ्यानं दार आतून लावून घेतलं होतं. फोन लागला तो परीक्षा विभागात. मधे कधीतरी नंबरांची अदलाबदल झाली होती, फलक कुणी बदलला नव्हता. तिथल्या माणसानं तिला धड बोलूही दिलं नाही. फेरतपासणीचे अर्ज सोमवारी मिळतील म्हणाला.

मग ती विद्यापीठाच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी अर्धवट ऐकून कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलं आणि गोळ्या दिल्या. मग वसतिगृहाच्या रेक्टरबाई. “आधी घरी सांग, मग माझ्याकडे ये,” असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. समुपदेशक मॅडम कंत्राटी, आठवड्यातून एकदाच येत, गुरुवारी अकरा ते एक. गुरुवारपर्यंत मुलगी रोज त्याच खानावळीत जेवायला जात होती. तोही तिथंच जेवत होता.

गुरुवारी पहिल्यांदा कुणीतरी तिला बसायला खुर्ची दिली आणि मधे न बोलता ऐकलं. समुपदेशक मॅडमनीच तिला अर्ज लिहायला मदत केली. आज चौकशी होती तर त्यांना मात्र आत येऊ दिलं नाही. “तुम्ही समितीच्या सदस्य नाही,” अध्यक्ष म्हणाले. आत अध्यक्ष, रेक्टरबाई आणि कायद्याचे प्राध्यापक. प्राध्यापक टेबलाखाली मोबाइल बघत होते.

“तुम्ही ओरडला का नाहीत?” रेक्टरबाईंनी विचारलं.

“आवाजच निघेना,” मुलगी म्हणाली.

“घ्या बाई,” अध्यक्ष म्हणाले. “‘तक्रारदार विद्यार्थिनीने त्या वेळी प्रतिकार केल्याचे दिसत नाही.’”

“मी नको म्हणाले. आत्ता सांगितलं ना मी? तीनदा नको म्हणाले!”

“तेही घेऊ पुढं. घाई नको.”

ते पुढं कुठंच आलं नाही. पण बाईंच्या मांडीवर वही होती. तरुणपणी शिकलेली लघुलिपी. हल्ली ती कुणाला वाचता येत नाही आणि लागतही नाही. तरी कुणी बोलायला लागलं की बाईंची पेन्सिल चालायची. मुलगी बोलत होती तेव्हा ती चालत होती. तीन वेळा ‘नको’ वहीत आलं होतं. ती थांबली तिथं बाईंनी रेघ मारली होती. रेघा पुष्कळ होत्या.

दहा मिनिटांची सुट्टी झाली. मुलगी स्वच्छतागृहात तोंड धूत होती. धुतलेलं पुन्हा पुन्हा धूत होती. बाईंनी पर्समधला रुमाल पुढं केला.

“बाई, तुम्ही सगळं लिहिलंत ना?”

“वहीत घेतलंय. तू बोललीस तसं.”

“आणि संगणकावर?”

बाईंना खोटं बोलता आलं नाही. “संगणकावर त्यांनी सांगितलं तसं.”

मुलीनं रुमाल परत केला. “मग मी कशाला आले इथं?” ती म्हणाली. ती रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिनं नळ घट्ट बंद केला आणि आत जाऊन बसली.

बाई तिथंच उभ्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी त्यांना आठवली. त्या मुलीचा जबाबही असाच गुळगुळीत होत गेला होता आणि शेवटी ‘गैरसमजातून केलेली तक्रार स्वखुशीने मागे घेत आहे’ हे वाक्य बाईंनीच टाइप केलं होतं. ‘स्वखुशीने’मधली चुकलेली वेलांटीसुद्धा त्यांनी जातीनं दुरुस्त केली होती. मुलगी सही करून गेली ती परत दिसली नाही. बाईंना अध्यक्षांचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग स्वतःच्या त्या वेलांटीचा आला.

संध्याकाळी घरी नवरा भाजी चिरत बसला होता. बस डेपोत फिटर होता, आता निवृत्त. बाईंनी पिशवी आपटली तसा त्यानं सुरी खाली ठेवली.

“काय झालं गं?”

“डोकं फिरलंय माझं. एक पोर जीव मुठीत धरून सांगतेय आणि तो म्हातारा तिच्या तोंडातले शब्द काढून स्वतःचे घालतोय. आणि मी बसलेय टकटक करत!”

“तुझं काम टाइप करायचं. न्याय करायला ती तिघं आहेत ना?”

“तीच तर बोंब आहे.”

“अगं, निवृत्तीला सात महिने राहिलेत. कशाला अंगावर ओढून घेतेस?”

“ओढून! आज हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस.”

त्यानं उठून निमूटपणे पोळ्यांचा तवा ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात तो कधी कुठं बोलू नये एवढं शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई कक्षात होत्या. शिपायानं विचारलं, “एवढ्या लवकर?” त्या म्हणाल्या, “काम राहिलंय.” ड्रॉवरचं कुलूप काढून त्यांनी वही समोर ठेवली आणि पहिल्या पानापासून टाइप करायला घेतलं. ‘ओढलं’ तिथं ‘ओढलं’. ‘नको’ तिथं ‘नको’. समितीचे प्रश्नही जसेच्या तसे, ‘तुम्ही ओरडला का नाहीत’सकट. मुलगी थांबली तिथं कंसात ‘थांबली’. दहा वाजता अकरा पानं झाली. अध्यक्षांनी सांगितलेला जबाब दीड पानाचा होता.

अकराला अध्यक्षांनी सांगितलं, “जा, सही घेऊन या.”

मुलगी आणि समुपदेशक मॅडम बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाईंनी दोन्ही गठ्ठे मुलीच्या मांडीवर ठेवले.

“हा अध्यक्षांनी सांगितलेला. हा तू सांगितलेला. दोन्ही नीट वाच. कशावर सही करायची ते तू ठरव.”

मुलीनं आधी दीड पान वाचलं. तिचे ओठ पांढरे पडले. मग दुसरा गठ्ठा घेतला. तिला बराच वेळ लागला. वाचता वाचता ती एकदा उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि परत येऊन बसली.

“हे एवढं मी बोलले?”

“बोललीस.”

“मला वाटलं, मला काही बोलताच आलं नाही.”

तिनं पेन मागितलं आणि अकराही पानांवर सही केली. सही दर पानाला जरा मोठी होत गेली. समुपदेशक मॅडमनी समोरच्या झेरॉक्सवरून लगेच एक प्रत काढून तिच्या हातात दिली.

बाईंनी मूळ कागद अध्यक्षांपुढे ठेवले. त्यांनी दोन पानं उलटली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

“बाई, हे काय आहे?”

“जबाब.”

“मी सांगितलेला कुठाय?”

“खाली जोडलाय. त्याच्यावर सही नाही.”

“तुम्हाला हा उद्योग सांगितला कुणी?”

“तिनं सांगितलं, मी टाइप केलं. सांगणाऱ्याचं टाइप करायचं, हेच करत आलेय मी. जबाब सांगणारी ती होती, सर. तुम्ही नव्हता.”

“अहो, त्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे,” रेक्टरबाई मधेच म्हणाल्या. “एवढा हुशार मुलगा…”

“कालपासून त्याचं आयुष्य या खोलीत चारदा आलं,” बाईंचा आवाज चढला. त्यांनी तो चढू दिला. “तिचं एकदा तरी आलं का? ती आठवडाभर त्याच्यासमोर बसून जेवली, ते कुणी विचारलं? फोन केला तर फेरतपासणीचे अर्ज देताय तुम्ही! दवाखान्यात गेली तर अशक्तपणा! कुणाला आलाय अशक्तपणा? तिला? का आपल्याला?”

बाहेर व्यायामशाळेतला चेंडूचा आवाज थांबला. कायद्याच्या प्राध्यापकांनी मोबाइल पालथा ठेवला.

“सर,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “सही आहे तोच जबाब धरावा लागेल. दुसरा म्हणजे तुमचा निबंध झाला.”

त्या दुपारी मुलगी आणि समुपदेशक मॅडम ती प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. आठ दिवसांनी त्या संशोधकाला अटक झाली, विद्यापीठानं त्याला निलंबित केलं आणि निलंबनाच्या पत्रकात स्वतःच्या तत्परतेचं कौतुक करून घेतलं. बाईंची ‘प्रशासकीय सोयीसाठी’ आवक-जावक विभागात बदली झाली. पाकिटांवर शिक्के मारायचे. समुपदेशक मॅडमचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. खटला उभा राहायला वेळ लागणार होता. मुलगी घरी गेली.

दोन महिन्यांनी तिचे वडील सामान न्यायला आले. शाळेची गाडी चालवायचे. इस्त्रीचा शर्ट घालून ते आवक-जावकच्या खिडकीशी उभे राहिले.

“ताई, टायपिस्टबाई तुम्हीच का? पोरगी म्हणाली, सामान बाईंना विचारूनच घ्या. दुसऱ्या कुणाशी बोलू नका.”

बाईंनी शिक्का ठेवला आणि त्यांच्याबरोबर निघाल्या. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना वर जायची परवानगी नव्हती. बाईच दोन खेपा करून वरून गादी, बादली, पुस्तकांची पिशवी घेऊन आल्या. ट्रंक जड होती, ती दोन मुलींनी खाली आणून दिली.

“कशी आहे?” बाईंनी विचारलं.

“जेवते आता. आईजवळ झोपते. परीक्षा तिकडच्या कॉलेजातून देईन म्हणते.” ते गादीची दोरी आवळत राहिले. “ते कागद आहेत घरी. मी वाचले नाहीत. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नका वाचू. ताई, बरोबर केलं ना मी?”

“बरोबर केलंत.”

त्यांनी गादी खांद्यावर टाकली, पिशवी आणि बादली बाईंनी एका हातात घेतली आणि ट्रंकेच्या दोन कड्या दोघांनी धरल्या. मुख्य रस्त्यावर आले तसा रखवालदार धावत आला. आज बाहेरून तपासणीचे पाहुणे येणार होते. रस्ता धुतला होता, कुंड्या मांडल्या होत्या.

“बाई, सामान मागच्या गेटनं न्या ना. साहेबांनी सांगितलंय.”

“का? चोरीचं आहे का?”

“तसं नव्हे हो…”

“मग पुढच्या गेटनंच जाईल.”

वडील घुटमळले. “ताई, माझ्यामुळं तुम्हाला पुन्हा त्रास नको.”

“चला तुम्ही.”

दोघं चालू लागले. अर्ध्या वाटेत समोरून पाहुण्यांच्या गाड्या आत आल्या. पहिल्या गाडीत अध्यक्ष होते. त्याच वेळी वडिलांच्या हातातली कडी निसटू लागली, म्हणून त्यांनी ट्रंक रस्त्यातच टेकवली. गाडीनं एकदा हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा. वडील घाईघाईनं वाकले.

“सावकाश,” बाई म्हणाल्या. “हात बदला. नीट धरा.”

त्यांनी हात बदलला. तळव्यावर कडीचा वळ उठला होता, तळवा त्यांनी शर्टाला पुसला. गाड्या एकामागं एक उभ्या होत्या. बाई गाडीच्या काचेकडे तोंड करून, ते तयार होईपर्यंत, तशाच उभ्या राहिल्या.